पुसू नका

आधी समुद्र गेला.
मग आईचा निळा कोट,
मग तिच्यामागच्या बोटीवर रंगवलेलं नाव.
निळा सगळ्यांत आधी निघतो, झायरा म्हणाली,
हवाच खाते त्याला.
उरली ती तांबूस होत गेलेली आई,
जणू आत्ताच उन्हातून आलीय
आणि पाणी मागणार आहे.

पोतीच्या बंदरात बाबांनी बत्तीस वर्षं क्रेन चालवली.
निवृत्तीच्या पैशांतून प्रिंटर घेतला,
शाई मात्र बाजारातली, बाटलीतली,
इंजेक्शनच्या सुईनं भरायची.
बोटं आठवडाभर जांभळी.
त्या हिवाळ्यात त्यांनी दिसेल ते छापलं:
शेजाऱ्यांचं कुत्रं, तव्यावरची मक्याची भाकरी,
आई, आई, धक्क्यावरची आई,
शिंकण्याच्या बेतातली आई.
पुढे फोन रिओनी नदीत पडला,
संगणक एका वादळी रात्री विजेनं गेला.
आता जे कागदावर, तेवढंच.

झायराचा जन्म संग्रहालयाच्या तळघरात गेला,
तिचं बोलणं कात्रीसारखं.
ओल्या भिंतीला फ्रेम टेकवू नकोस, ओतिया.
काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी,
श्वासापुरती जागा.
छापल्यावर दिवसभर वाळू दे, घाई कसली?
वास मारणाऱ्या प्लास्टिकात नको. शेगडीजवळ नको.
अंधारात ठेव.
बाबा म्हणाले,
अंधारात ठेवायला छापली का मी तिला?
झायरा गप्प बसली.
तिच्याकडे उत्तर नव्हतं,
पद्धत होती.

तोवर थोडा उशीरच झाला होता.
पोतीची हवा म्हणजे न पिळलेला टॉवेल;
बैठकीतला मोठा फोटो काचेला चिकटून बसलेला.
सोडवायला गेले तर कागद निघाला,
ओठ आणि हनुवटी काचेवरच राहिली.
एका हातात काच, एका हातात कागद,
बाबा बराच वेळ तसेच उभे,
वजन करत असल्यासारखे.
चिकटलेला फोटो ओढायचा नसतो,
काचेसकट ठेवायचा असतो,
हे झायरानं सांगितलं दुसऱ्या दिवशी.

काच त्यांनी टाकली नाही.
कपाटावर आहे, मऊ कागदात गुंडाळलेली,
वर मोठ्या अक्षरांत: पुसू नका.
घरात पुसणारी मी एकटीच.

आता रविवारी ते हात धुतात
कोपरापर्यंत, जेवायला बसण्याआधी धुवावेत तसे,
पुसून कोरडे करतात, पडदा ओढतात, डबा उघडतात.
एकेक फोटो कडेनं धरून,
मधला पातळ कागद बाजूला काढून.
मला म्हणतात, श्वास तिकडे सोड.
अर्धा तास. मग झाकण.
पुढच्या रविवारपर्यंत आई खर्च होत नाही.

खिडकीत मात्र एक पट्टी लावलीय,
नव्या, महागड्या शाईची,
अर्धी पुठ्ठ्यानं झाकलेली, अर्धी उन्हाला दिलेली.
तीत कुणाचा चेहरा नाही,
नुसते रंगांचे चौकोन.
महिन्यातून एकदा पुठ्ठा उचलून
दोन्ही निळे शेजारी शेजारी बघतात
आणि पेन्सिलीनं तारीख टिपतात.

काल मी पट्टी उलटून पाहिली.
शेवटची तपासणी, लिहिलंय,
बारा वर्षांनंतरची तारीख.
बाबा ब्याऐंशीचे आहेत.
पेन्सिल बोथट झाली होती.
टोक करून
तिथंच ठेवली.