निव्वळ वजन

रत्नागिरीच्या दुकानदाराला आकडे हवेत.
लोटी, पळी, वाटी चालणार नाही म्हणाला,
मिलिलिटरही नको,
तेल उन्हात फुगतं, थंडीत थिजतं,
ग्रॅममध्ये लिहून पाठवा.

म्हणून वेंगुर्ल्यात, बचत गटाच्या शेडमध्ये,
मासळीबाजारातून उसना आणलेला काटा
(धुतला तीनदा, तरी बांगड्याचा वास)
मधे मांडून बसलोय
मी आणि कालिंदी गिरप.

आधी रिकामी लोटी. शून्याचं बटण दाबलं
की पितळ नाहीसं होतं.
कालिंदीला हे फार आवडलं.
"माका पण ठेव गो हेच्यार," म्हणाली,
"आनि दाब."

मग विहिरीचं पाणी, काठोकाठ:
चारशे त्रेसष्ट.
पाण्याचं बरं असतं, जेवढं माप तेवढं वजन,
आत एक बाहेर एक नाही.
खोबरेल चारशे सव्वीस.
आगळ, मिठाने जडावलेलं, पाचशे बत्तीस.
काकवीने उतरायला दुपार लावली
आणि भरली सहाशे अठ्ठेचाळीस.
लोटी तीच. प्रत्येकीला वेगळा जबाब.

"पण ही अर्ध्या लिटरची ना?
सदतीस कुठे गेले?"

तिने लोटी फिरवून दाखवली.
कुशीत पोचा, लिंबाएवढा.
"लग्नाच्या दुसऱ्या वर्साचो."
कोणी, कशावर, मी विचारलं नाही.
ती फडक्याने काठावरची काकवी पुसत राहिली,
काठ स्वच्छ झाल्यावरही.

मी वहीत पाचशे लिहून पाहिलं.
गोल आकडा, दुकानदाराला सोपा.
एका वाटी मिठाला पाचशे ग्रॅम पाणी,
त्यात कोकमाची सोलं बुडवली.
आठ दिवसांनी कालिंदीने बोट घातलं, चाटलं.
"अळणी लागता गो."

तिची सगळी मापं त्या पोच्यानंतरची.

पाचशे खोडलं. चारशे त्रेसष्ट लिहिलं.
दुकानदार विचारेल हा कुठला आकडा,
तर फॉर्मवर त्याला रकाना नाही.

आता नवीन बरणी घालतोय.
ती लोटी उचलते, तेव्हा दिसतं:
तिचा अंगठा पोच्यात बसतो,
जणू धरायलाच केलेली जागा.
काट्यावर लोटी टेकवून
तो काढायला ती विसरते,
आकडे वर चढत राहतात.

मी थांबते.