इतर

साहेब म्हणाले होते, सायकली आहेतच कुठे?
आधी आकडा आणा, मग पट्ट्याचं बघू.
म्हणून मुळगुंदबाईंनी तक्ते छापले
आणि मला, सहकारी बँकेतल्या निवृत्त कॅशियरला,
दिला सोनापूरचा सिग्नल, एक पॅड,
पॅडला सुतळीनं बांधलेलं पेन.
"तुमची बोटं सोकावलेलीत मोजायला, दातार."

गुरुवार. पहाटे पाच ते नऊ.
रकाने तीन : व्यायाम. पर्यावरण. इतर.

आमचा गट बारा-तेरा जणांचा.
हेल्मेटं, हातमोजे, बुडाखाली जेलची गादी,
रविवारी पवईला वळसा, मग इडली.
मला वाटलं, फार तर आम्हीच दिसू एकमेकांना,
हात करू,
बाकी तक्ता कोरा.

पाच वाजून चार मिनिटांनी पहिली :
पाववाला. मागे निळ्या ताडपत्रीचं गाठोडं,
आत लाद्या अजून ऊन.
सिग्नल लाल होता म्हणून विचारलं, व्यायाम?
तो हसलासुद्धा नाही.
इतर.

मग दूध. दूध. दूध.
मग एटीएमचा रखवालदार, रात्र संपवून,
टोपी हँडलला अडकवलेली.
मग भोंगा दाबत इडलीवाला,
कॅरियरवर पातेलं, पातेल्यावर ओलं फडकं.
म्हणजे रविवारची आमची इडली
अशी येते होय, पायडल मारत.

साडेसहाला धारवाला आला.
पानटपरीशेजारी सायकल स्टँडवर चढवली
आणि वर बसून पायडल मारू लागला.
अर्धा तास. कात्र्या, सुऱ्या, चिकनवाल्याचा सत्तूर,
ठिणग्या पार गटारापर्यंत.
तसूभर पुढे सरकला नाही.
याला कुठं लिहू?
बाईंना फोन लावला. त्या झोपेतच म्हणाल्या,
हलला की लिहा.

एकशे चौदावी, बाई.
सायकल नवऱ्याची, मधल्या दांड्याची,
साडी खोचून पाय वरून टाकलेला.
थांबली ती माझ्यासाठी नाही, चेन पडली म्हणून.
"काय लिहिताय? दंड हाय का?"
नाही हो. रस्ता मागतोय, सायकलींसाठी वेगळा.
काळ्या बोटांनी चेन चढवत म्हणाली,
"येगळा ऱ्हाऊ द्या. हाय त्यातला हातभर
सोडायला सांगा त्या डंपरवाल्यांना."
मी तिला गटाचा लाल दिवा दिला, मागे लावायचा, फुकट.
तिनं उलटापालटा करून पाहिला.
"सेल किती दिस जातो?"
मला माहीत नव्हतं.
आमच्यातल्या कुणालाच नसावं.

नऊला बेरीज मारली. दोनदा, सवयीनं.
व्यायाम : सात. त्यातले पाच आम्हीच.
पर्यावरण : एक. तोही माझं हेल्मेट बघून
जरा भिडेनं म्हणाला असावा.
इतर : चारशे बारा.
धारवाल्यासकट. पावणेआठला हलला होता.

शुक्रवारी वॉर्ड ऑफिसात कागद नेला.
साहेब मीटिंगमध्ये.
शिपायाच्या छातीवर पाटी, शेलटकर.
त्यानं आवकचा शिक्का मारला, शाई वाळेस्तोवर
ओळींवरून बोट नेलं, वरून खाली, सावकाश,
निकालाच्या यादीत नंबर शोधावा तसं.
"ह्यात मी नाय."
तुम्ही?
"मुलुंडवरनं येतो की. आधी कांजूरला पेपर टाकतो,
मग हापिस. तुमचा सिग्नल पावणेपाचला वलांडतो.
तेव्हा त्याला लाल-हिरवं काय नसतं,
नुसता पिवळा मिचकावत असतो."

मी पेन काढलं.
"आता नको," त्यानं कागद स्वतःकडे ओढला,
"शिक्का बसलाय. खाडाखोड चालत नाय."

येत्या गुरुवारी गजर साडेतीनचा.
थर्मास भरून ठेवायला सांगितलाय, टॉर्चही.
नव्या तक्त्यावरचे पहिले दोन रकाने
मी आतल्या बाजूला दुमडलेत.
बाईंना अजून सांगितलेलं नाही.