साडेनऊ

रविवारी, कोपरखैरण्याला, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये
तो पाणी विकायला आला.
टेबलावर तीन ग्लास, थेंबांची एक बाटली,
मागे बॅनरवर हसणारं कुटुंब,
आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे दात सारखे.

पहिल्या ग्लासात नळाचं, मोरब्याचं. थेंब पडला, हिरवं.
दुसऱ्यात बाटलीतलं विकतचं. पिवळट.
तिसऱ्यात त्याच्या मशीनचं.
ते जांभळं झालं तेव्हा भोईरवहिनी "अगंबाई" म्हणाल्या
आणि मी मांडीवरची पर्स उगाच घट्ट धरली.

तो रंग माझ्या ओळखीचा.
सव्वीस वर्षं मी पावण्याला, डायच्या कारखान्यात,
सांडपाण्याचा पीएच मोजला.
दोरीला बांधलेला डबा टाकीत सोडायचा,
हिसका देऊन कलता करायचा, वर ओढायचा.
कॉस्टिक जास्त पडलं की नमुना असाच जांभळा.
नऊच्या वर बाहेर सोडायची परवानगी नव्हती,
सुपरवायझर धावत यायचे.
आणि हा म्हणतो, साडेनऊ, काकू, अमृत आहे.

आकडा एक म्हणून पाणी एक होत नाही,
एवढं मलाही कळतं.
हसू मात्र आलं.

उठून बोलायला हवं होतं.
की बाबा, घशाखाली आम्लाची भट्टी आहे,
दीडची, कधी दोनची,
तिथं तुझ्या साडेनऊचं काय शिल्लक राहणार?
की रक्त आपला आकडा ग्लासाला विचारून ठरवत नाही,
एका दारावर फुप्फुसं बसलीत, दुसऱ्यावर मूत्रपिंडं.
नाही बोलले.
एक तर तो दमयंतीचा धाकटा, हृषीकेश.
ती माझ्याच बेंचवर टायट्रेशन करायची,
कारखाना बंद झाला तेव्हा हा चौथीत होता.
दुसरं म्हणजे, तळमजल्यावरच्या कुसुमताई
महिनाभर ते पाणी पितात, छातीतली जळजळ कमी झाली म्हणतात.
खोटं कशाला बोलतील?
चारचा चहा आणि फरसाणही त्यांनी त्याच महिन्यात सोडलं,
पण हे त्या दुसऱ्या वाक्यात सांगतात,
आणि दुसरं वाक्य ऐकायला कुणी थांबत नाही.

मग फॉर्मची थप्पी माझ्याकडे आली.
तिसरं नाव यांचं.
सुवाच्य, लफ्फेदार, पेन्शनच्या अर्जावर करतात तशी सही.

यांचं दुसरं दार तीन वर्षांपासून अर्धंच उघडतं.
क्रिएटिनिन तीन पूर्णांक दोन.
फ्रिजवर कागद चिकटवलाय: दिवसाला सव्वा लिटर,
त्यात चहा धरायचा, आमटी धरायची,
गोळ्यांसोबतचे घोटसुद्धा.
या माणसाला क्षाराचं पाणी!
बाहेर काढायला कुणी नाही
आणि आत आणखी पाहुणे.

जिन्यात मी भांडले.
विद्राव्य, विद्युतभार, खनिजं, सगळं काढलं,
लॅबमध्ये नवीन पोरांना झापायचे तशी.
त्यांनी ऐकून घेतलं.
मग म्हणाले,
"तो म्हणाला, हे पाणी कितीही प्या, चालतं.
मी फक्त 'कितीही' ऐकलं."

पुढे बराच वेळ कुकरची शिट्टीच काय ती बोलली.

संध्याकाळी हृषीकेश घरी आला.
मी त्याला रिपोर्ट दाखवला.
त्यानं वाचला, परत वाचला, कान लाल झाले.
"ट्रेनिंगमध्ये किडनीचं सांगितलं नव्हतं, मावशी."
"मग तूच विचारत जा.
पैशांचं बोलायच्या आधी. प्रत्येक घरी."
त्यानं यांच्या नावावर रेघ मारली,
सरळ यावी म्हणून मोबाइलची कड लावून.
चौदा हजारांचं कमिशन, त्या रेघेखाली.

जाताना दारात थबकला.
दिवसभर बोलून आवाज बसला होता.
"जरा पाणी मिळेल?"

माठातलं दिलं.
उभ्याउभ्याच प्यायला, गटागट,
तांब्या उचलून आणखी एक ओतून घेतलं.
हे खुर्चीत बसून
त्याच्या गळ्याकडे बघत होते,
घाटी वर जाताना,
खाली येताना.