लागू नाही

मार्च संपता संपता येते ती.
काजूची बोंडं कुजायला लागतात, भट्ट्या पेटतात,
आणि फोनवर एक ओळ: प्रिय सहभागी क्रमांक ४१७,
आपली अकरावी प्रश्नावली तयार आहे. अंदाजे वेळ, वीस मिनिटं.

वाळपईत वीस मिनिटं मिळतात ती
रात्री दोननंतर, तीही तुकड्यातुकड्यांनी.

पहिली भरली बांबोळीच्या वसतिगृहात,
मेल्डिनाच्या लॅपटॉपवर. पोटात रॉस-ऑम्लेट,
केसांना फॉर्मलिनचा वास.
दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल?
मेल्डिनानं टिचकी मारली: परदेशात.
मी: शल्यचिकित्सा, मोठं शहर.
त्याच दुपारी आम्हा दोघींना
शीर कुठली नि कंडरा कुठली, ओळखता आलं नव्हतं.

चौथ्या वर्षी मी खोटं बोलले.
गेल्या चार आठवड्यांत झोप: पुरेशी.
कुणाशी तरी बोलावंसं वाटलं: नाही.
नाव कुठेच नव्हतं, नुसता आकडा,
आणि त्या आकड्यालाही मला शहाणी दाखवायचं होतं.
कुणीतरी आलेख काढला असेल पुढे,
त्यात एक रेघ केसभर वर गेली असेल
माझ्यामुळे.

सातव्या वर्षी खाली चौकट आली:
आणखी काही सांगायचंय? अडीचशे अक्षरं.
मी पुतो गावसबद्दल लिहायला बसले.
काजू वेचायला रानात गेला, वाटेत माकड मरून पडलेलं,
काठीनं बाजूला केलं, आठवड्यानं ताप घेऊन आला
आणि खाटेवरून मलाच विचारत होता,
बाये, जेवलें गो?
ते यंत्र काना-मात्राही वेगळी मोजतं.
'जेव'पाशी अक्षरं संपली.
पुतो जगला की नाही, तिकडे कुणालाच ठाऊक नाही.
जगला. दर वर्षी पहिला उर्राक तोच आणतो,
फार्मासिस्टच्या कपाटात, खोकल्याच्या बाटल्यांमागे
ठेवावा लागतो.

यंदा माझीच उत्तरं माझ्यापुढे मांडलीत:
पहिल्या वर्षी तुम्ही म्हणाला होता, शल्यचिकित्सा.
हे अजूनही खरं आहे का?
पूर्णपणे. बऱ्यापैकी. सांगता येत नाही. लागू नाही.

आई विचारते लग्नाचं. खातं विचारतं साठ्याचं,
गोचिडीला लावायच्या तेलाच्या बाटल्या किती उरल्या.
पेशंट विचारतात, डॉक्टर, बदली कधी?
एकोणीस वर्षांच्या त्या पोरीची चौकशी
कुणी करत नाही,
हा एक कधी न पाहिलेला पत्ता सोडून.

मेल्डिना आता स्विंडनला. पाचव्याच वर्षी थांबली,
म्हणाली, अगो, मी काय पिंजऱ्यातला उंदीर?
तिच्या आकड्यापुढे तिकडे 'गळती' लिहीत असतील.
नाताळात येते, बेबिंकाचा एकेक थर सोलत विचारते,
तू अजून भरतेस ते?
पुढे विचारत नाही, पण थांबते थोडी.
एकदा म्हणाली, मी काय लिहिलं होतं गं तेव्हा?
मी सांगितलं. बरोबरच निघालं की, म्हणाली,
आणि थर सोलायची थांबली.

जीप थांबल्याचा आवाज. झर्म्याची बाई,
सोबत सासू, सासूच्या पिशवीत धुतलेली दुपटी.
फोन उपडा ठेवते.

परत येते तेव्हा पावणेपाच,
खालच्या वाड्यावर पोदेराचा भोंगा.
पडद्यावर: आपलं सत्र संपलं आहे.
नवव्या प्रश्नापर्यंतची उत्तरं जपून ठेवली आहेत.
नखांत साबण अजून.
सात टाके घातले, बरे बसले.
हे शल्यचिकित्सेत धरतात का,
ते कुठे विचारायचं, पत्ता दिलेला नाही.

'लागू नाही'वर बोट ठेवते. काढते.
दहावा, अकरावा, बारावा प्रश्न तसाच सोडून
सरळ खालच्या चौकटीत जाते:
मुलगी. दोन किलो आठशे. रडली लगेच.

अजून दोनशेवर अक्षरं शिल्लक आहेत.
पुतोचं राहिलेलं वाक्य आधी पुरं करते.