नळीमागच्या ओळी

नवापूरच्या दवाखान्यात माझं काम एवढंच :
थेंबभर रक्त, औषधाचं पाणी, पाच मिनिटं थांबणं.
मग काळ्या ओळींच्या कार्डासमोर
धरायची काचेची नळी.
ओळी दिसल्या, तर पोर सुटलं.
पाणी गढुळलं, ओळी बुडाल्या,
तर रक्तात विळा आहे.
आईचा अर्धा, बापाचा अर्धा.
पोराचं स्वतःचं त्यात काहीच नाही.

गावाबाहेर खड्डे खणून
लाखांनी कोंबड्या पुरल्या,
त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट.
कार्ड वाळवीनं खाल्लं होतं.
विसरवाडीच्या पलीकडून
रिबकाबाई गावित नातवाला घेऊन आलेली.
इमू सात वर्षांचा,
गुडघे सुजून खरबुजाएवढे,
रडून रडून आता फक्त उचक्या.

तिनं तुरीच्या डाळीच्या पिशवीतून
कापडात गुंडाळलेलं पुस्तक काढलं.
मी त्याला पोथी म्हणालो, ती शास्त्र म्हणाली.
“ह्यात बी काळ्या ओळीच हायेत. धर.”
आणि उघडून दिलं नेमकं ते पान :
राखेत बसलेला माणूस
खापरानं अंग खाजवत
वर बघून विचारतो,
माझं चुकलं काय ते तरी सांग.

नळी धरली.
आधी अनुस्वार गेले,
मग वेलांट्या,
मग तो माणूस, त्याची राख, त्याचा प्रश्न.

“काही दिसत नाही,” मी म्हणालो.
“मला पाठ हाय,” ती म्हणाली,
आणि जिथं ओळ बुडाली होती तिथून पुढं
सावकाश म्हणू लागली,
रंगावलीच्या पात्रातून
घोटाभर पाण्यात कुणी दगड चाचपत जावं तशी.

मी साक्रीचा. माझी आई
अधिक महिन्यात पोथी लावायची,
आणि शेजारच्या लुळ्या पोराकडं बघून म्हणायची,
मांगला जलमनं देनं ऱ्हास भाऊ, फेडनं पडस.
प्रत्येक दुःखाची पावती असायची आमच्याकडं,
फक्त सही कुणाची ते वाचता यायचं नाही.
“तुमच्यात कशी असते पावती?” मी विचारलं.
“आमच्यात पावतीच नाय,” ती म्हणाली.
“त्यानं मागितली. देव लई बोलला,
वादळातून बोलला,
तारे दाखवले, रानगाढव दाखवलं.
पावती नाय दिली.”

मग शेवटापाशी येऊन थांबली.
“पुढं त्याला दुप्पट गुरं मिळतात.
आणि पोरं, पुन्हा तितकीच.
हे मी म्हणत नाय.”
“का?”
“गुरं दुप्पट चालतात.
पण पहिल्या दहांची नावं
कुणी लिहिलीच नाय, बघ.”

बाहेर सुरतेकडची गाडी गेली,
काचा थरथरल्या,
नळीतला गढूळपणा तसाच.
पक्का रिपोर्ट नंदुरबारहून येणार होता,
पण आम्हा दोघांना कळलं होतं.

मी नोंदवही ओढली.
“रुग्णाचं नाव?”
“इमॅन्युएल दाऊद गावित.”
पेन उचलत होतो, तर ती थांबली नाही.
“थोमा. सुमन.
आणि एक, पाण्यात घालायच्या आधीच गेली,
तिला मी नुसतं बाय म्हणायची.”

रकाना एकाच नावाचा.
मी समासात बारीक अक्षरात लिहिली तिन्ही,
बाय सुद्धा.
ती वाकून बघत होती,
वाचता येत होतं की नाही, विचारलं नाही.
इमूला काखेत घेऊन उठली.
शास्त्र टेबलावरच राहिलं.
हाक मारली तर दारातून म्हणाली,
“ऱ्हाऊ दे. तुझं कार्ड येईस्तोवर.”