ठेवलेलं नाव

धक्क्यावर मला उतरवून नाव माघारी वळली.
दुसरं नाव, आईनं ठेवलेलं,
कचेरीत जमा करायचं होतं.
आधी औषधाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवलं,
अंगावरचा किमोनो उकळायला नेला,
कनवटीचे चार येन घेऊन
पत्र्याची नाणी दिली, बेटाबाहेर न चालणारी.
मग कारकून म्हणाला, मान खालीच ठेवून,
'इथं सगळेच बदलतात. घरच्यांची सोय असते ती.
बोल, काय लावायचं?'

बारा वर्षांची होते. एकच नाव आठवलं,
आमच्या बाईंचं.
कवायतीत त्यांनी माझ्या दंडावरचा फिका डाग पाहिला,
काही न बोलता बाही खाली ओढली,
अगदी हळू,
आणि संध्याकाळी पोलीसचौकीत गेल्या.
'कुराता मित्सुए,' मी म्हणाले.
त्यानं टाक शाईत बुडवला.

पहिली दोन वर्षं ते नाव मी दगडासारखं वापरलं.
मित्सुए पुवाच्या पट्ट्या धुते.
मित्सुए रात्री कुंपणाशी सापडली.
मित्सुएला आठ दिवस अंधारकोठडी, दिवसाला एक मूद भात.
बघा बाई, किती नाव काढलं तुमचं.

मग कधीतरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही,
पाठीमागून कोणी हाक मारली आणि मी वळले.
राग न येता, नुसती वळले.
वळण लागणं म्हणतात ते हेच असावं.

लग्न झालं. आधी त्याची नसबंदी, तसा नियमच होता.
तोही ठेवल्या नावाचा.
तेहेतीस वर्षांत आम्ही एकमेकांना
खरं नाव विचारलं नाही.
फार उघडंवाघडं वाटलं असतं ते.

बोटांची जाण गेली, मग डोळे.
ठिपक्यांची अक्षरं जिभेनं वाचायला शिकले.
कागद रक्तानं ओला व्हायचा.
पहिलं वाक्य लागलं ते असं:
आज हवा चांगली आहे.

कायदा रद्द झाला तेव्हा राजधानीतून एक तरुण साहेब आला.
इतका वाकला असावा की खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं.
'आजी, तुम्ही मोकळ्या. मूळ नाव परत लावू शकता.'
मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं.
दारात एक पोर येऊन उभी राहिली, निथळत,
औषधाच्या वासाची,
आणि मलाच म्हणाली, कोण पाहिजे?

ते नाव मी इथंही लिहीत नाही.
भावाच्या नातीचं यंदा जमतंय.
कुंपण उपटलं, आता तर पूल झालाय,
मोटारी येतात,
आणि मी अजून नावाला जपते. कुणाच्या, ते विचारू नका.

परवा कचेरीतला नवा मुलगा विचारत होता,
अस्थींच्या कलशावर काय घालू?
मित्सुएच राहू दे, म्हटलं,
वापरून वापरून मऊ झालंय.
फक्त आडनाव नको. तेवढी जागा कोरी सोड.
त्यानं बराच वेळ कागद चाळले.
म्हणाला, 'आजी, अर्जात तशी सोय नाही.'