कोपर

समाजमंदिरात सुतळी ताणली,
या खिडकीपासून त्या खांबापर्यंत.
कपड्यांचे चिमटे माझ्याच घरचे.
घरातला एक फोटो आणा, म्हटलं होतं,
आणि त्याच्याखाली चार ओळी.
यमक जुळलंच पाहिजे असं नाही.

तानबाजीनं बैलाचा आणला, पोळ्याचा,
शिंगांना बेगड, डोळ्यात फ्लॅशचा ठिपका.
सातवीतल्या मोनालीनं मोबाइलच पुढं केला.
काच अशी तडकलेली
की चेहरा कुठला, तडा कुठला, कळेना.

पंचफुलाबाई शेवटी आली.
पिशवीतून निघाला बहिणीच्या लग्नाचा फोटो,
एका बाजूनं वाळवीनं खाल्लेला.
"यात तुम्ही कुठं?"
तिनं नख टेकवलं कडेला:
दोन हिरव्या बांगड्या, एक कोपर.
"हे माहं."

मी वही उघडली.
"लिहा बाई," ती म्हणाली,
"लाइन गेल्ती. गॅसबत्ती धरून
उभी होती मी मांडवात.
नवरदेव दिसते, वरमाय दिसते,
वरमायच्या नाकातली नथ बी दिसते ना?
थो उजेड माह्या हातचा होय."

ओळ कुठं मोडावी समजेना.
श्वास घ्यायला ती थांबली, तिथं मोडली.

निघताना सगळ्यांचा एक फोटो काढायचा ठरलं.
लेकरं पुढं, म्हातारे खुर्च्यांवर,
तानबाजीनं टोपी सरळ केली.
मी कॅमेरा डोळ्याला लावला,
तशी मागच्या रांगेतून हाक आली,

"अन् तुहं कोपर कुठं हाय वं, पोरी?"